स्वयंगोल नक्की कोणाच्या नावावर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पुण्यातल्या शाळा, क्लब आणि सोसायटीच्या फुटबॉल स्पर्धांमध्ये स्कोअरशीट लिहिणाऱ्यांसाठी आहे. शिट्टी वाजते, गोल होतो, दोन्ही बेंच ओरडायला लागतात आणि टेबलवर बसलेल्याला चार सेकंदांत नंबर लिहायचा असतो. त्यात पावसाळ्यातला चिखल असेल तर पाठीवरचा ६ आहे की ८ हेही धड दिसत नाही. मैदानावर कोणी ‘सेल्फ गोल’ म्हणतं, कोणी ‘ओन गोल’, वर्तमानपत्रात ‘स्वयंगोल’ छापून येतं. इथं तिन्हींचा अर्थ एकच : बचाव करणाऱ्या संघातल्या खेळाडूमुळे त्याच्याच गोलात गेलेला चेंडू.

स्वयंगोल कोणाचा धरायचा, हे फुटबॉलच्या नियमांत कुठं लिहिलं आहे?

कुठंच नाही. नियमपुस्तकात सतरा नियम आहेत. त्यातला दहावा नियम गोल कधी होतो एवढंच सांगतो : संपूर्ण चेंडू दोन पोलच्या मधून आणि बारच्या खालून गोलरेषेपलीकडे गेला पाहिजे आणि गोल करणाऱ्या संघानं त्याआधी काही आगळीक केलेली नसावी. गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, यावर पाचव्या नियमानुसार रेफरीचा शब्द शेवटचा. गोलापुढं कोणाचं नाव लिहायचं हा प्रश्न मात्र स्पर्धा भरवणाऱ्यांच्या अखत्यारीतला आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये त्यासाठी वेगळी समिती असते, तर वर्ल्ड कपमध्ये फिफाची माणसं ठरवतात. तुमच्या स्पर्धेत ते तुम्हालाच ठरवावं लागणार आहे, म्हणून कसोटी आधीच पत्रकात छापा.

ती कसोटी कोणती?

मोठ्या स्पर्धांमध्ये सर्वसाधारणपणे जी वापरतात तीच : बचाव करणाऱ्याचा स्पर्श झालाच नसता, तर चेंडू गोलात गेला असता का?

गेला असता, तर गोल शॉट मारणाऱ्याचा. मग चेंडू वाटेत बॅकच्या (म्हणजे बचावपटूच्या) गुडघ्याला लागून कितीही वळलेला असो. गेला नसता, म्हणजे बाहेर चालला होता आणि बॅकला लागून आत वळला, तर स्वयंगोल.

यात चूक कोणाची, बॅकनं पाय का घातला, गोली (गोलकीपर) फसला का, हे प्रश्न येतच नाहीत. स्वयंगोल ही शिक्षा नाही, चेंडूच्या वाटेची नोंद आहे. भांडणं होतात ती बहुतेक या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे. आपल्या पोरानं धडपडून चेंडू अडवायचा प्रयत्न केला आणि त्याच्याच नावावर गोल लागला, म्हणून पालक रागावतात. राग समजण्यासारखा आहे, पण नोंद प्रयत्नाची होत नसते.

शॉट टार्गेटवर होता की नाही, म्हणजे गोलात चालला होता की नाही, हे मैदानावर ओळखायचं कसं?

सगळं अडतं ते इथंच, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट जागेची. स्कोअरर बहुतेक वेळा मध्यरेषेजवळ टेबल टाकून बसतो. तिथून चेंडू पुढं गेला हे दिसतं, पण तो पोलच्या आतल्या बाजूला चालला होता की बाहेरच्या, हे त्या कोनातून कळणं जवळपास अशक्य. दिशा समजते ती चेंडूच्या मागून किंवा गोलच्या मागून. त्यामुळे शक्य असेल तर प्रत्येक गोलच्या मागं, जाळीपासून चार-पाच मीटरवर, एक स्वयंसेवक उभा करा. गोलरेषा ओलांडली का, हे पाहायचं असेल तर मात्र माणूस रेषेच्या सरळ रेघेत हवा. एक माणूस दोन्ही कामं करू शकत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. समोरासमोर दहा मीटरवरून मारलेल्या चेंडूची दिशा फक्त सहा अंशांनी बदलली, तरी गोलरेषेवर तो सुमारे एक मीटर सरकतो. म्हणजे पेनल्टी बॉक्सच्या कडेवर झालेला बारीकसा स्पर्श बाहेरचा चेंडू आत आणायला पुरतो. उलट गोलरेषेपासून एक मीटरवर झालेला तेवढाच स्पर्श चेंडूला दहा सेंटिमीटरच सरकवतो. तेव्हा गोलच्या अगदी तोंडाशी चाटून गेलेला चेंडू बहुधा आधीच टार्गेटवर असतो, तर लांबून वळलेल्या चेंडूबद्दल दोनदा विचार करायला हवा.

तिसरी गोष्ट मोबाइलच्या व्हिडिओची. साधारण व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात. ताशी ७२ किलोमीटर वेगानं निघालेला चेंडू दोन चित्रांच्या मधल्या वेळात सुमारे ६७ सेंटिमीटर जातो. चेंडूचा व्यास जेमतेम २२ सेंटिमीटर, म्हणजे तीन चेंडू मावतील एवढं अंतर कॅमेऱ्यात आलेलंच नसतं. नेमका स्पर्श त्या फटीत हरवतो आणि मग ‘लागलाच नाही’ आणि ‘लागला’ असं म्हणणारे दोघंही तोच व्हिडिओ दाखवतात. सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन लावलं, तर हे अंतर आठ सेंटिमीटरवर येतं. फोन स्टँडवर, गोलच्या मागं आणि आडवा धरलेला असू द्या.

एवढं करूनही ठरत नसेल, तर गोल शॉट मारणाऱ्याला द्या. शंकेचा फायदा आक्रमकाला, हा आमचा सल्ला आहे. पण तो पत्रकात आधी लिहिलेला असला तरच वापरा, सामना संपल्यावर सुचलेला म्हणून नाही.

टीव्हीवर ‘शॉट्स ऑन टार्गेट’चा आकडा दाखवतात. तोच वापरला तर?

नको. आकडेवारी ठेवणाऱ्या कंपन्या मधल्या खेळाडूनं अडवलेला शॉट बऱ्याचदा ‘ब्लॉक्ड’ या वेगळ्या रकान्यात टाकतात, मग तो गोलाकडेच चाललेला का असेना. तुमच्यापुढचा प्रश्न चेंडूच्या मूळ वाटेचा आहे.

शॉट गोलीच्या हातातून निसटून आत गेला. तो गोलीचा स्वयंगोल का?

नाही. शॉट टार्गेटवर होता, गोलीला अडवता आला नाही, गोल शॉट मारणाऱ्याचा. गोलीनं चेंडू पकडून मग हातातून आत सोडला तर गोष्ट वेगळी. तिथं शॉट संपलेला असतो आणि नव्यानं घडलेल्या चुकीची नोंद गोलीच्या नावावर होते.

आणि पोलला लागून परत आलेला चेंडू गोलीच्या पाठीवर आपटून आत गेला तर?

स्वयंगोल. पोलला किंवा बारला लागून मैदानात परत येणारा चेंडू टार्गेटवर धरत नाहीत, कारण गोली तिथं नसता तर तो मैदानातच परत आला असता. ऐकायला हे क्रूर वाटतं आणि गोलींना ते कधीच पटत नाही, पण मोठ्या स्पर्धांमध्ये असंच लिहिलं गेलं आहे. २०१४च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सच्या बेन्झेमाचा शॉट पोलला लागून होंडुरासचा गोली वॅलादारेस याच्याकडे आला आणि त्याच्या हाताला लागून रेषेपलीकडे गेला. वर्ल्ड कपमध्ये गोललाइन तंत्रज्ञानानं ठरवलेला हा पहिला गोल, आणि तो नोंदला गेला वॅलादारेसचा स्वयंगोल म्हणून. युरो २०२०मध्ये (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत) पोलंडचा गोली श्चेस्नी याचं स्लोवाकियाविरुद्ध हेच झालं. फेब्रुवारी २०२३मध्ये आर्सेनलच्या जॉर्जिन्होचा शॉट बारवरून ॲस्टन व्हिलाचा गोली एमिलियानो मार्टिनेझ याच्या डोक्याला लागून आत गेला, तेव्हाही नाव मार्टिनेझचंच लागलं.

पोलच्या आतल्या कडेला लागून चेंडू आतच चालला असेल आणि गोलीचा नुसता स्पर्श झाला असेल, तर मात्र गोल शॉट मारणाऱ्याचा.

कॉर्नर किंवा क्रॉस बॅकच्या डोक्याला लागून आत गेला तर?

बहुतेक वेळा स्वयंगोल, कारण क्रॉस गोलच्या समोरून आडवा चाललेला असतो. २०१८च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये फ्रान्सच्या ग्रीझमानची फ्री किक क्रोएशियाच्या मांजुकिचच्या डोक्याला चाटून आत गेली. वर्ल्ड कप फायनलमधला तो पहिला स्वयंगोल. त्या स्पर्धेत एकूण १२ स्वयंगोल झाले, त्याआधीचा विक्रम १९९८चा, सहांचा.

पण क्रॉस वळत वळत थेट गोलात शिरत असेल आणि बॅक तो काढायला जाऊन चुकला असेल, तर गोल क्रॉस मारणाऱ्याचा. त्याच्या मनात शॉट होता की क्रॉस, हे पाहायचं नाही.

चेंडू दोन-तीन बचावपटूंना लागून आत गेला. कोणाचं नाव?

मूळ शॉट टार्गेटवर असेल तर सगळे स्पर्श सोडून द्या, गोल शॉट मारणाऱ्याचा. नसेल, तर चेंडूला गोलाची वाट ज्याच्या स्पर्शानं मिळाली त्याचा. पहिल्याच्या मांडीला लागून चेंडू गोलाकडे वळला आणि नंतर दुसऱ्याच्या बुटाला नुसता चाटला, तर नाव पहिल्याचं. पहिल्याला लागूनही चेंडू बाहेरच चालला होता आणि दुसऱ्यानं तो आत वळवला, तर दुसऱ्याचं. ‘शेवटचा स्पर्श ज्याचा, गोल त्याचा’ ही सोपी वाटणारी पद्धत इथंच फसते.

बॅकनं जोरात मारलेला चेंडू स्ट्रायकरच्या पाठीवर आपटून आत गेला. हा स्वयंगोल का?

नाही, तो स्ट्रायकरचा गोल. त्याला कळलंही नसेल, तरी चालतं. मात्र तो ऑफसाइड नव्हता ना आणि चेंडू त्याच्या हाताला तर लागला नाही ना, हे रेफरीनं पाहिलेलं असावं.

एकाच संघाच्या दोघांनी ‘माझा, माझा’ केलं तर?

शॉट पहिल्याचा असेल आणि दुसऱ्याच्या स्पर्शानं त्याची वाट बदलली असेल, तर दुसऱ्याचा. स्पर्शच झाला नसेल तर पहिल्याचा. २८ नोव्हेंबर २०२२ला वर्ल्ड कपमध्ये पोर्तुगाल-उरुग्वे सामन्यात रोनाल्डोनं हेडरचा दावा केला. चेंडूत सेकंदाला ५०० वेळा नोंद घेणारा सेन्सर होता आणि त्यात स्पर्श दिसला नाही, त्यामुळे गोल ब्रुनो फर्नांडिसच्या नावावर राहिला. एप्रिल २०१८मध्ये याच्या उलट झालं : स्टोकविरुद्धचा एरिक्सनच्या नावावर लागलेला गोल टॉटनहॅमनं अपील केल्यावर त्याच संघातल्या हॅरी केनला मिळाला. आपल्याकडे चेंडूत सेन्सर नसतो, तेव्हा त्या दोघांना एकत्र बोलावून विचारा. संघातली मुलं बहुतेक वेळा खरं सांगतात.

बॅकपास गोलीच्या पायाखालून आत गेला, तर नाव गोलीचं की पास देणाऱ्याचं?

कसोटी तीच, फक्त उलट्या दिशेनं लावायची. पासच सरळ गोलाकडे चालला होता आणि गोलीला तो थांबवता आला नाही, तर नाव पास देणाऱ्याचं. युरो २०२०मध्ये क्रोएशियाविरुद्ध स्पेनच्या पेद्रीनं लांबून मागं दिलेला चेंडू गोली उनाई सिमोनला नियंत्रणात घेता आला नाही. चूक सगळ्यांना सिमोनची दिसली, अधिकृत नोंदीत नाव पेद्रीचं आहे. पास गोलच्या बाहेर चालला होता आणि गोलीच्या बुटाला लागून आत वळला, तर नाव गोलीचं.

थ्रो-इन, फ्री किक किंवा गोलकिकवरून चेंडू थेट स्वतःच्याच गोलात गेला तर?

गोलच नाही. दुसऱ्या संघाला कॉर्नर मिळतो. थ्रो-इन, दोन्ही प्रकारच्या फ्री किक, गोलकिक, कॉर्नर आणि किक-ऑफ, सगळ्यांना हे लागू आहे : वाटेत कोणाचाही स्पर्श न होता स्वतःच्या गोलात गेलेला चेंडू स्वयंगोल ठरत नाही. पण वाटेत सहकाऱ्याच्या बुटाला नुसता लागला तरी गोल ग्राह्य, आणि मग नाव त्या सहकाऱ्याचं. इथं मूळ वाट पाहायची नाही, कारण स्पर्शाशिवाय गोल होऊच शकला नसता.

१६ सप्टेंबर २००२च्या बर्मिंगहॅम-ॲस्टन व्हिला सामन्यात व्हिलाच्या मेलबर्गनं थ्रो-इन आपल्याच गोलीकडे, एन्केलमनकडे टाकला. चेंडू त्याच्या बुटाखालून आत गेला. स्पर्श झाला असं रेफरींनी मानलं आणि गोल दिला. स्पर्श नसता तर कॉर्नर होता. म्हणून अशा वेळी स्कोअररनं स्वतःच्या मनानं काही लिहू नये. रेफरीनं मधल्या वर्तुळाकडे हात केला की कॉर्नरकडे, ते पाहावं.

आक्रमक ऑफसाइड उभा होता, पण चेंडू बॅकनंच आत घातला. गोल रद्द होतो का?

फक्त उभा होता म्हणून नाही. त्यानं गोलीची नजर अडवली असेल, बॅकशी झटापट केली असेल, जवळचा चेंडू खेळायचा उघड प्रयत्न केला असेल किंवा अशी काही हालचाल केली असेल की बॅकला चेंडू खेळणं कठीण झालं, तर ऑफसाइड. ‘तो मागं होता म्हणून घाईत पाय घातला’ ही तक्रार रोज ऐकू येते, पण बॅकच्या मनातली भीती ऑफसाइडमध्ये मोडत नाही.

बॅकनं हातानं चेंडू अडवायचा प्रयत्न केला, तरीही चेंडू आत गेला.

गोल ग्राह्य, बॅकला पिवळं कार्ड. शॉट टार्गेटवर असेल तर नाव शॉट मारणाऱ्याचं. बाहेर चाललेला चेंडू हातानं आत ढकलला गेला असेल, तर बॅकचा स्वयंगोल.

रेफरीला किंवा मैदानात शिरलेल्या कुत्र्याला लागून चेंडू आत गेला तर?

रेफरीला लागून थेट आत गेला तर गोल नाही, ड्रॉप बॉल (रेफरी चेंडू खाली सोडून खेळ पुन्हा सुरू करतो). कुत्रं मध्ये आलं पण चेंडू गोलातच चालला होता आणि कुत्र्यामुळे कोणा बचावपटूला चेंडू खेळण्यात अडथळा आला नाही, तर गोल ग्राह्य आणि तो शॉट मारणाऱ्याचा. बाहेर चाललेला चेंडू कुत्र्यामुळे आत आला, तर ड्रॉप बॉल. दोन्हींत स्वयंगोलाचा प्रश्न येत नाही.

स्कोअरशीटवर स्वयंगोल लिहायचा कसा?

गोल झाल्याझाल्या पेन्सिलीनं चार गोष्टी लिहा : मिनिट, फायदा झालेला संघ, शेवटचा स्पर्श केलेल्या आक्रमकाचा नंबर, स्पर्श झालेल्या बचावपटूचा नंबर. घड्याळात ३३ मिनिटं २० सेकंद झाले असतील तर ते ३४वं मिनिट. वाढीव वेळेतला गोल ४५+२ असा लिहा. शंका असेल तर बाजूला प्रश्नचिन्ह करा, मध्यंतरात रेफरीला आणि गोलमागच्या स्वयंसेवकाला विचारा आणि मगच पेनानं पक्कं करा. स्वयंगोलापुढं ‘ओ. गो.’ अशी खूण हवीच.

सगळ्यात महागात पडणारी चूक संघाच्या रकान्यातली. खेळाडू ‘अ’ संघाचा, म्हणून गोल ‘अ’च्या रकान्यात लिहिला जातो. खरा निकाल ‘ब’ २-१ असा असेल, तर कागदावर ‘अ’ २-१ जिंकतो. गुण तर चुकतातच, शिवाय दोन्ही संघांचा गोलफरक दोन-दोननं चुकतो. गटात तीन संघ समान गुणांवर आले की ही चूक सेमीफायनलचा संघच बदलते. पक्की सवय लावा : आधी फायदा झालेल्या संघाचा आकडा वाढवायचा, नाव नंतर.

सर्वाधिक गोलच्या बक्षिसात, हॅट्‌ट्रिकमध्ये स्वयंगोल मोजतात का?

नाही. संघाच्या गोलसंख्येत मोजतात, खेळाडूच्या खात्यात नाही. २० मार्च १९७६ला ॲस्टन व्हिलाच्या ख्रिस निकोलनं लेस्टरविरुद्धच्या २-२ सामन्यातले चारही गोल केले, दोन इकडे, दोन तिकडे. त्याच्या खात्यात जमा झाले दोनच.

पेनल्टी शूटआउटमध्ये काय?

तिथं स्वयंगोल ही भानगडच नाही. चेंडू पोलला लागून गोलीच्या पाठीवरून आत गेला तरी किक यशस्वी. १९८६च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलविरुद्ध फ्रान्सच्या बेलोनची किक अशीच धरली गेली.

कोणी मुद्दाम स्वयंगोल केला तर?

गोल ग्राह्यच राहतो. २७ जानेवारी १९९४ला बार्बाडोस आणि ग्रेनाडा यांच्यात हे घडलं. बार्बाडोसला पुढं जायला दोन गोलांच्या फरकानं जिंकायचं होतं आणि जादा वेळेतला गोल्डन गोल (जो होताच सामना संपतो) दोन गोलांएवढा मोजायचा असा नियम होता. २-१ अशी आघाडी असताना त्यांनी शेवटच्या मिनिटांत स्वतःवर गोल करून २-२ केलं, जादा वेळेत गेले आणि ४-२ असे जिंकले. दोष मुख्यतः नियमाचा होता, तेव्हा पत्रक लिहिताना ‘मुद्दाम हरल्यानं कोणाचा फायदा होतो का’ हे तपासा. १९९८च्या टायगर कपमध्ये इंडोनेशियाच्या मुर्सीद एफेंदीनं थायलंडविरुद्ध जाणूनबुजून गोल केला, तेव्हा त्याच्यावर आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी आजन्म बंदी आली.

लहान मुलांच्या सामन्यात स्वयंगोल करणाऱ्याचं नाव माइकवरून सांगावं का?

सांगू नये. दहा आणि बारा वर्षांखालच्या गटात संघाचा आकडा वाढला एवढंच जाहीर करा. नाव शीटवर राहू द्या, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या निकालात नको. १९९४च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झालेला कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार दहा दिवसांनी मेडेयीनमध्ये गोळ्या घालून मारला गेला. आपल्या मैदानावर तेवढी टोकाची वेळ येत नाही, पण दहा वर्षांचं पोर आठवडाभर खेळायला यायचं टाळतं, हे पुरेसं वाईट आहे.

नोंदीवर हरकत कधीपर्यंत घ्यायची?

त्याच दिवशी, संघ मैदान सोडायच्या आत तोंडी आणि चोवीस तासांत लेखी, अशी मुदत ठेवली तर निभावते. हरकत संघाच्या मॅनेजरनं घ्यायची, पालकांनी नाही. निर्णयाला तीन माणसं बसवा, त्यात त्या दोन संघांचं कोणी नको. बदल झाला तर जुनं नाव खोडून टाकू नका. त्यावर एक रेघ मारा, बाजूला नवं नाव, तारीख आणि तिघांच्या सह्या घ्या. मुदत संपल्यावर आलेला व्हिडिओ कितीही स्पष्ट असला तरी नोंद उघडायची नाही, कारण तोवर बक्षिसाच्या ट्रॉफीवर नाव कोरायला गेलेलं असतं.